एकेचाळीस दाते, अडतीस दाते

जुन्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल बदलला की पुढे डॅशबोर्डवरचा वेगाचा काटा खोटे बोलू लागतो, आणि हे खोटे इतके सौम्य असते की पुष्कळ मालकांच्या ते वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. इंजिन बदलले तर आवाज बदलतो, कार्ब्युरेटर बदलला तर पेट्रोलचा खर्च बदलतो. मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, म्हणजे क्राऊन-पिनियन, बदलली तर गाडी फक्त जरा निवांत पळू लागते, आणि निवांत पळणाऱ्या गाडीकडे संशयाने कोण पाहणार?

माझी मॉरिस मायनर १९५९ सालची आहे. तिचे मूळचे ९४८ सीसीचे इंजिन माझ्या हाती येण्यापूर्वीच कोणीतरी काढून त्याजागी १०९८ सीसीचे बसवले होते, पण अ‍ॅक्सल मात्र जुनाच, ४.५५ चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे ४.५५ फेरे घेणारा, ठेवला होता. खुद्द कंपनीने १९६२ मध्ये मायनरला मोठे इंजिन दिले तेव्हा त्याच्या जोडीला ४.२२ चा अ‍ॅक्सलही दिला होता, कारण ताकद वाढवायची आणि ती पहिल्यासारखीच आरडाओरडा करत खर्च करायची यात काही शहाणपण नव्हते. तेव्हा इंग्लंडहून ४.२२ चा डिफरन्शियल, म्हणजे क्राऊन-पिनियन ज्यात बसतात तो गोळा, मागवला. मायनरमध्ये दोन्ही बाजूंचे हाफ-शाफ्ट बाहेर ओढून प्रॉपेलर शाफ्ट सोडला की डिफरन्शियलचा अख्खा गोळा अ‍ॅक्सलच्या नळीतून पुढच्या बाजूने निघतो, त्यामुळे काम अवजड असले तरी किचकट नाही. परिणाम लगेच कळतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला पूर्वी इंजिन मिनिटाला सुमारे ३,३७० फेरे घेत असे, ते आता ३,१३० च्या आसपास घेते. हा फरक कानांना आणि दारांच्या थरथरण्याला चांगला समजतो. बोरघाटाच्या चढावर गिअर थोडा आधी उतरवावा लागतो, एवढीच त्याची किंमत.

आता मीटरला या बदलाचा पत्ता का लागत नाही, ते पाहू. मायनरमध्ये मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते. म्हणजे ती फेरे मोजते ते प्रॉपेलर शाफ्टचे, चाकांचे नव्हे. शाफ्ट आणि चाक यांच्यामध्ये अ‍ॅक्सल बसलेला असतो आणि त्याच्या पलीकडे काय चालले आहे हे केबलला दिसत नाही. चाक एकदा फिरले म्हणजे शाफ्ट ४.५५ वेळा फिरला असणार, असे मीटर बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीतक काचेखालच्या दातांमध्ये कायमचे कोरलेले असते. ४.५५ च्या जोडीत पिनियनला नऊ दाते आणि क्राऊन व्हीलला एकेचाळीस. ४.२२ च्या जोडीत पिनियनला पुन्हा नऊच, पण क्राऊन व्हीलला अडतीस. दोन्हीकडचे नऊ एकमेकांना कापतात आणि सगळा हिशेब ४१ भागिले ३८ इतका सोपा होऊन हाती पडतो. नव्या अ‍ॅक्सलवर गाडी खरोखर ४१ मैल गेली की मीटर ३८ मोजतो.

सात-आठ टक्के म्हणजे काय मोठेसे, असे वाटू शकते. मुंबईत एरवी ते खरेही आहे, कारण दादरहून फोर्टला जाताना काटा ज्या भागात असतो तिथे सात टक्क्यांनी कोणाचे काही बिघडत नाही. पण मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोड सुरू झाला आणि शहरातल्या शहरात सलग वेगाने गाडी चालवण्याची सोय झाली. तिथे मुख्य रस्त्यावर मर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे आणि बोगद्यात ६० ची. माझ्या मीटरवर आकडे मैलांचे आहेत, म्हणून मी मनाशी ८० चे ५० आणि ६० चे ३७ करून ठेवले होते. काटा पन्नासावर स्थिर ठेवून जाणारा सज्जन चालक प्रत्यक्षात जवळपास ५४ मैलांनी, म्हणजे ताशी ८७ किलोमीटरच्या वेगाने जात असतो, आणि कॅमेऱ्याला त्याची सज्जनता दिसत नाही. मोबाइलवरचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली वेग चांगला अचूक सांगतो, पण गिरगावच्या बोगद्यात शिरले की त्याला उपग्रह दिसेनासे होतात, आणि मर्यादा अधिक कडक असते ती नेमकी तिथेच.

युरोपात चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ मध्ये याबाबत एक स्पष्ट तत्त्व आहे. मीटरने खऱ्या वेगाहून जास्त दाखवले तर चालेल, तेही दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इतकेच. कमी मात्र अजिबात दाखवता कामा नये. अ‍ॅक्सल उलट दिशेने, म्हणजे ४.२२ वरून ४.५५ चा केला असता तर मीटर जास्त दाखवू लागला असता आणि नियमाच्या दृष्टीने निभावले असते. आपण सगळे जण इंजिन निवांत करणाऱ्या गिअरकडे जातो, आणि त्या दिशेला मीटर नेहमी चुकीच्या बाजूने चुकतो.

वेगापेक्षा मला अधिक टोचले ते मैलांचे आकडे. जुनी गाडी ठेवणारा माणूस बहुधा वही ठेवतोच. पेट्रोल किती भरले, किती मैल झाले, ऑइल कधी बदलले. अ‍ॅक्सल बदलल्यावर मायलेज सुधारावे ही रास्त अपेक्षा, पण वहीत ते घटलेले दिसू लागले, कारण गाडी शंभर मैल गेली तरी नोंद त्र्याण्णवांच्या आतली होत होती. तीन हजार मैलांवर ऑइल बदलायचे म्हटले तर ते प्रत्यक्षात ३,२३७ मैलांवर बदलले जाणार. शिवाय या शहराला मैलांचा स्वतःचा इतिहास आहे. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून अंतरे मोजून ब्रिटिशांनी रोवलेले बेसॉल्टचे दगड अजून काही रस्त्यांच्या कडेला आहेत. डांबर आणि फुटपाथ यांचे थर चढत गेल्याने त्यातले कित्येक गळ्यापर्यंत गाडले गेले होते, आणि महापालिकेने अलीकडे त्यातले अनेक उकरून, साफ करून पुन्हा वर आणले. मैलांत मोजणारी गाडी मैलांच्या दगडावरून न्यावी आणि दोघांचे जमू नये, हे मला मानवेना.

मीटर दुरुस्त करणारे काका लालबागला बसतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पण भिंतीवर काढून ठेवलेल्या डायल्सची जी रांग आहे तिच्यात पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या बहुतेक गाड्या सापडतील. त्यांनी मीटरच्या पितळी कडीचे कान एका बोथट पेचकसाने एकेक करून उघडले, काच बाजूला ठेवली आणि यंत्र माझ्यासमोर धरले. केबलचे चौकोनी टोक ज्यात बसते त्या बारीक दांड्यावर एक चुंबक आहे. त्यावर, त्याला कुठेही न टेकता, अ‍ॅल्युमिनियमची एक पातळ वाटी आहे. वाटीच्या दांड्यावर काटा, आणि दांड्याभोवती केसाएवढ्या जाडीची वेटोळी स्प्रिंग. चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे भोवरे निर्माण होतात आणि ते वाटीला आपल्याबरोबर ओढू पाहतात. स्प्रिंग तिला मागे खेचते. दोघांची ओढाताण जिथे संपते तिथे काटा थांबतो. ही ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते आणि स्प्रिंगचा विरोध कोनाच्या प्रमाणात, म्हणून डायलवरचे आकडे समान अंतरांवर छापता येतात. जर्मनीत ऑटो शुल्झे याने १९०२ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि पुढे जवळजवळ सगळ्या शतकभर जगातल्या बहुसंख्य गाड्या याच तत्त्वावर आपला वेग सांगत राहिल्या. चुंबकाशेजारी निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. उन्हाने तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध वाढतो आणि काटा मागे पडू पाहतो, त्याची भरपाई हा तुकडा करतो. मुंबईच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून पाहिलेल्या माणसाला त्याची गरज समजावून सांगावी लागणार नाही.

मैल मोजणाऱ्या चाकांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. त्याच दांड्यावर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटा, कोरलेला आहे, तो एका चाकाला फिरवतो, ते दुसऱ्याला, आणि शेवटी पाच आकड्यांचा तो पांढऱ्या-काळ्या चाकांचा पट्टा एकेक घर पुढे सरकतो. इथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही, अंदाज नाही. इतके फेरे म्हणजे एक मैल. किती, ते डायलच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापलेले असते. माझ्या डायलवर १४७२ आहे.

काकांनी काट्याला नखाने हळूच ढकलून सोडून पाहिले. "स्प्रिंग चांगली आहे. चुंबक जरा चार्ज करतो, काटा आणून देतो बरोबर. दोन दिवसांत न्या."

"आणि मैलांचे आकडे?"

"ते कोण बघतंय, साहेब?"

काकांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. माझ्या आधी त्यांच्याकडे आलेल्या बहुतेकांना काट्याशीच मतलब असणार. चुंबकाची वाटीवरची ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढवली की काटा सुधारतो, खर्च कमी येतो, आणि दिसायला काम पूर्ण होते. मला ते तराजूला पासंग बांधण्यासारखे वाटले: पारडी समोरासमोर येतात, पण दोष जिथे असतो तिथेच राहतो. एकाच काचेखाली दोन साक्षीदार बसले आहेत. त्यातल्या एकाला पढवता येते, दुसऱ्याला येत नाही, आणि मला दोघांची जबानी जुळायला हवी होती. म्हणजे मीटरच्या आत कशालाही हात न लावता, त्याच्याकडे येणारे फेरेच वाढवायला हवे होते.

"काका, मला आकडेच बरोबर हवेत. काटा आपोआप येईल."

यावर ते हसले आणि मग खऱ्या अर्थाने बोलू लागले. त्यांची उमेदीची वर्षे टॅक्सीच्या मीटरांत गेली होती. पद्मिनीच्या बाहेर डाव्या अंगाला जो झेंडीवाला यांत्रिक मीटर असे, त्यात अंतर हेच भाडे होते; तिथे काट्याचा प्रश्नच नव्हता. मोजलेल्या अंतरावर टॅक्सी चालवून मीटर तपासला जाई, सील लागे, आणि भाडे वाढले की मीटर बदलून होईपर्यंत ड्रायव्हर छापील टॅरिफ कार्ड दाखवत. टायरचा आकार जरा इकडे-तिकडे झाला तरी प्रवासी किंवा ड्रायव्हर यांपैकी एकाचे नुकसान ठरलेले. इलेक्ट्रॉनिक मीटर आले, काकांचे ते काम संपले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादा गाठून रस्त्यावरून उतरली. "टॅक्सीत चुंबक चार्ज करून कोणाला फसवणार होतो?" ते म्हणाले. "तिथे दातेच मोजावे लागत. आधी गाडीचे फेरे मोजून आणा. कागदावरचा हिशेब नको."

कागदावरचा हिशेब का नको, ते मोजायला बसल्यावर कळते. ब्रिटिश मीटर कंपनीच्या जुन्या पत्रकांत एक सुटसुटीत सूत्र असे: मागची चाके सहा वेळा फिरवा, केबल किती वेळा फिरते ते मोजा, त्या संख्येला १६८० ने गुणा आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागा, आले ते मैलाला किती फेरे याचे उत्तर. १६८० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मैलाच्या ६३,३६० इंचांना सहा फेऱ्यांच्या परिघाने भागले की तो मिळतो. पण हे सूत्र जुन्या क्रॉसप्लाय टायरांच्या काळातले. माझ्या गाडीला रेडियल टायर आहेत, आणि रेडियल टायर खाली दबलेला दिसला तरी त्याचा पोलादी पट्टा फारसा आखडत नाही, त्यामुळे तो त्याच्या दिसणाऱ्या उंचीपेक्षा जास्त अंतर कापतो. उंची मोजून हिशेब केला असता तर दोन-तीन टक्क्यांची चूक तिथेच शिरली असती.

म्हणून एका रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात, गाड्या बाहेर पडायच्या आधी, टायरच्या कडेवर आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूची रेघ मारली. डॅशबोर्डमागून केबल सोडवून तिच्या आतल्या तारेच्या टोकाला कागदाची छोटी पताका चिकटवली. वॉचमन आणि माझे मेव्हणे गाडी सरळ ढकलत होते, आणि मी आत आडवा होऊन पताका मोजत होतो. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. सोपे पडावे म्हणून एकच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले तर डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळे फिरू देण्याचे आपले काम करतो आणि शाफ्ट निम्माच फिरतो. त्या पद्धतीने सहाऐवजी बारा फेरे द्यावे लागतात. गाडी जमिनीवर ढकलणे हाच सरळ मार्ग. सहा फेऱ्यांत गाडी १०.८० मीटर गेली आणि पताका ९.२ वेळा फिरली. म्हणजे किलोमीटरला ८५२ फेरे, मैलाला १,३७१. मीटरला हवेत १,४७२. फेरे १.०७४ पटींनी वाढवायचे. दातांचा हिशेब १.०७९ सांगत होता. मधला फरक टायरांचा आणि माझ्या मोजणीचा.

हे तीन प्रकारे करता येते. गिअरबॉक्समधले मीटरचे छोटे पिनियन बदलणे सर्वांत देखणे, पण हव्या त्या दातांचे पिनियन चोरबाजारापासून कुर्ल्यापर्यंत विचारूनही मिळाले नाही. दुसरा मार्ग, १९६२ नंतरच्या मायनरचा, नव्या प्रमाणाला जुळणारा मीटर आणून बसवणे. तो माझ्या डायलसारखा दिसत नाही आणि मला माझा डायल हवा होता. जुन्या डायलच्या आत इलेक्ट्रॉनिक यंत्र घालून जीपीएसवर काटा फिरवणारेही लोक आहेत. ते अचूक असते यात वाद नाही, पण मग ती गाडी स्वतःचे फेरे मोजत नाही, उपग्रहाकडून ऐकून सांगते, आणि बोगद्यात तिला तेही ऐकू येत नाही. तिसरा मार्ग म्हणजे गिअरबॉक्स आणि केबल यांच्यामध्ये एक छोटी डबी बसवणे, जिच्यात दोनच चाके फेऱ्यांचे प्रमाण बदलतात. टॅक्सीच्या जमान्यात काकांनी अशा डब्या बनवल्या होत्या.

चौदा दात्यांचे चाक तेरा दात्यांच्या चाकाला फिरवेल, तर प्रमाण १.०७७ होते, आणि मैलाला १,४७६ फेरे मिळतात. हजारात तीनची चूक, तीही जास्त दाखवण्याच्या बाजूने. मात्र दोनच चाके थेट एकमेकांत अडकवली तर बाहेर येणारी दिशा उलटी होते आणि काटा शून्याच्या खुंटीला जाऊन धडकतो. म्हणून दोघांच्या मध्ये एक आयडलर हवा, जो दिशा सुलटी करतो आणि प्रमाणात ढवळाढवळ करत नाही. काकांनी पितळेच्या डबीत तिन्ही चाके बसवून दिली, आणि हे करताना केबलही नीट केली. आतली तार काढून धुतली, फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला ग्रीस लावले. तार फिरते तसे ग्रीस स्क्रूसारखे वर चढते, मीटरात शिरते, चुंबक आणि वाटी यांच्यात चिकटते, आणि मग साध्या वेगालाही काटा नव्वद दाखवतो. केबलचे वळणही सैल केले. सहा इंचांहून कमी त्रिज्येचे वळण मिळाले की तार अडखळत फिरते आणि काटा नाचू लागतो. काटा नाचणाऱ्या जुन्या गाडीचा मीटर खराब असतोच असे नाही, पुष्कळदा फक्त केबल मुडपलेली असते.

राहिला प्रश्न मधल्या काळात बुडालेल्या मैलांचा. पट्टा पुढे फिरवून ते मैल भरून काढावेत का? काकांची तयारी होती. मी नको म्हटले. जुन्या गाड्यांच्या बाजारात आकडे मागे फिरवणारे इतके आहेत की पुढे फिरवणाराही त्यांच्यातलाच वाटतो. आणि पाच आकड्यांचा पट्टा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा माझ्या गाडीच्या एकूण मैलांबद्दल तो तसाही शपथेवर काही सांगू शकत नाही. वहीत मात्र डबी बसवल्याची तारीख, त्या वेळचा आकडा आणि अ‍ॅक्सल बदलल्यापासून तोवरच्या नोंदींना ४१/३८ ने गुणावे अशी ओळ लिहून ठेवली आहे. ती वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाईल.

डबी बसल्यावर पुणे एक्स्प्रेसवेवरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी मीटर ताडून पाहिला, पहाटे, डावी लेन धरून. मैल आणि पाट्या जुळल्या. काटाही, चुंबकाला कोणी हात न लावता, मोबाइलच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. पन्नाशीच्या पुढे तो मैलभर जास्त दाखवतो, आणि ते मी तसेच राहू दिले आहे.

आता टायर बदलायला झाले आहेत. १४ इंची चाकाला १४५ मिलिमीटर रुंदीचे टायर मिळवणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. १६५/८० मात्र कोणत्याही दुकानात मिळतात, कारण आजच्या छोट्या गाड्यांना तेच लागतात. पण त्यांचा घेर पाच टक्क्यांच्या आसपास मोठा, म्हणजे मीटर पुन्हा कमी दाखवणार आणि चौदा-तेराच्या जागी सतरा-पंधराची जोडी लागणार. १५५ चे मिळाले तर फरक दोन टक्क्यांहून थोडाच जास्त पडेल, पण तोही चुकीच्याच बाजूला. मी काकांना फोन करून दोन्ही जोड्या आत्ताच बनवून ठेवता येतील का, असे विचारले. "आधी टायर बसवा," ते म्हणाले, "शंभर-दोनशे मैल पळवा, मग खडू घेऊन पुन्हा मोजा. आणि या वेळी ढकलायला तीन माणसं घ्या, गाडी सरळ जात नव्हती तुमची."